पहिल्या पसंतीचा फॉर्म

क्लीव्हलंड
८ डिसेंबर २०२४

ति. संघमित्रा आत्यास,
उपासनाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मिळालं. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि कानातलं ते यंत्र तू डबीत ठेवून देतेस, म्हणून मलाही पत्रच लिहावं लागतं. एका अर्थी बरंच आहे. अकरा वर्षांची असताना नागपूरहून इथे आले तेव्हापासून तू माझी पत्रं लाल पेनाने तपासून परत पाठवायचीस, म्हणून तर मला एवढं मराठी येतं. हेही तपास हवं तर, पण परत पाठवू नकोस.

माझी दोन महिन्यांची भटकंती संपली. पोडायट्रीच्या, म्हणजे पायाच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षी आम्ही असे हॉस्पिटलोहॉस्पिटली महिना महिना राबतो. ते आम्हाला पारखतात, आम्ही त्यांना. पुढची तीन वर्षं रेसिडेन्सी कुठे करायची ते यावरून ठरतं. नुसती डिग्री हातात आली म्हणून पायाची मोठी ऑपरेशनं करता येत नाहीत. ती जिथे होतात तिथेच राहून शिकावी लागतात.

ऑक्टोबरमध्ये मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलजवळच्या हॉस्पिटलमध्ये होते. तिथे एक ट्रक ड्रायव्हर आला. डायबेटिसने पाय सडला होता आणि दुसरीकडे त्याला घोट्याच्या वरून कापायला सांगितलं होतं. डॉ. हॅलोरन बाईंनी सहा तास ऑपरेशन करून पाय वाचवला. दोन बोटं गेली, बाकी पाय राहिला. मी सहाही तास त्यांच्या शेजारी उभी होते. महिन्याच्या शेवटी तो माणूस वॉकर धरून स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि त्याने मला नावाने हाक मारली. आत्या, मला हेच करायचंय.

नोव्हेंबर न्यूजर्सीत काढला, बाबांच्या घरापासून अर्ध्या तासावर. माणसं चांगली आहेत, पण दिवसभर नखं आणि कुरुपं. मोठी ऑपरेशनं हाडांचे डॉक्टर घेऊन जातात आणि आमचे रेसिडेंट भिंतीला टेकून बघत बसतात. बाबांना मात्र ते हॉस्पिटल फार आवडलं, कारण मी रोज घरी जेवायला होते.

आता मी हॉस्पिटलांची यादी द्यायची, पहिली पसंती, दुसरी पसंती अशी. हॉस्पिटलं मुलांची यादी देणार. कम्प्युटर जोड्या जुळवणार आणि मार्चमध्ये निकाल. माझ्या मनात सनीव्हेल पहिलं आहे.

न्यूजर्सीच्या आपल्या मंडळात सगळे अजून विचारतात, फक्त पायच का गं? आणि विचारून झालं की सुमित्रा मावशी भर पंक्तीत मोजा काढून टाच दाखवतात.

कान सांभाळ. माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
उपासना

*

कॅरी
२२ डिसेंबर २०२४

चि. उपासना हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. दोन चुका होत्या, सांगत नाही. ट्रक ड्रायव्हरचं वाचून मी शेजारच्या मृणालिनी पंडितांकडे गेले आणि त्यांनाही वाचून दाखवलं. त्यांचा अमेय ह्यूस्टनला हार्टचा डॉक्टर होतोय, तर त्या रोज हार्टचंच सांगतात. म्हटलं, आमच्याही पोरीचं ऐका.

इकडे सगळं ठीक. इथल्या अमेरिकन लॅबमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी मी सकाळी साडेपाचला उठते आणि मग काय करायचं ते आठवत बसते.

तुझ्या यादीचं वाचून मात्र मला तो जुना फॉर्म आठवला. तुझ्या बाबाने तुला सांगितलंच असेल, तो सगळ्यांनाच सांगतो. १९८५ साली प्रफुल्ल बारावी झाला तेव्हा मेडिकलचा फॉर्म मी भरला होता. घरात माझं अक्षर चांगलं आणि इंग्रजीही मलाच येत होतं. मी पहिल्या पसंतीला मुंबई लिहिलं. त्याने काही मागितलं नव्हतं, मलाच वाटलं की नागपूरच्या इंदोरा वस्तीतलं पोर मुंबईत डॉक्टर व्हावं. मुंबईला दोन मार्क कमी पडले. दुसऱ्या पसंतीला नागपूर होतं आणि नागपूरला त्याचे मार्क पुरून उरत होते. पण खिडकीवरच्या क्लार्कने सांगितलं की पहिली पसंती नागपूर लिहिणाऱ्यांनीच जागा भरल्या, तुमचं दुसरं बघायची वेळच आली नाही. आमचे दादा, तुझे आजोबा, तिथे हात जोडून उभे होते. मी त्यांच्या मागे उभी होते.

म्हणून सांगते बाई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. पहिला नंबर वाया घालवायचा नसतो. जी जागा मिळणार तिला पहिलं लिहावं.

थंडीत टोपी घाल. माझे आशीर्वाद आहेतच, ते काही पत्राची वाट बघत नाहीत.

तुझी,
आत्या

*

क्लीव्हलंड
२१ जानेवारी २०२५

ति. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

मुलाखती झाल्या. टेक्सासमधल्या एका हॉटेलात सगळी हॉस्पिटलं जमली होती. एकेका खोलीत एकेक हॉस्पिटल आणि बाहेर कार्पेटवर काळे कोट घातलेली आम्ही मुलं. पलंग बाजूला सरकवून ते प्रश्न विचारतात. एका ठिकाणी उशीच्या शेजारी एक्सरे लावला होता आणि त्यावरून मला मोडलेली टाच ओळखायची होती. ओळखली.

सनीव्हेलवाल्यांची खोली छान गेली. डॉ. हॅलोरन यांनी त्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो दाखवला. तो आता काठी घेऊन चालतो.

न्यूजर्सीवाल्या डायरेक्टरनी मात्र दार लावताना हळूच म्हटलं की आम्हाला पहिलं लिहिशील तर जागा तुझीच समज. असं बोलायला त्यांना बंदी आहे. मी नुसती हसले. चूक ही केली की ते बाबांना सांगितलं. तेव्हापासून बाबा मला दिवसातून दोनदा फोन करतात.

आत्या, आता नीट वाच, कारण हे तुझ्या त्या फॉर्मसारखं नाही. कॉलेजने आम्हाला तीनदा समजावून सांगितलंय. कम्प्युटर आधी माझी पहिली पसंती बघतो. तिथे नाही जमलं तर दुसरी बघतो, आणि त्या हॉस्पिटलच्या यादीत मी वर असेन तर माझ्याहून खालच्याला काढून मला घेतो. मी त्यांना पहिलं लिहिलं की दुसरं, याने तिथली माझी जागा एका इंचानेही हलत नाही. वर मोठं मागितलं म्हणून खालचं जात नाही. म्हणून मनात असेल तोच क्रम लिहायचा असतो.

बाबांना मी हे चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, खिडकीवर सगळे असंच सांगतात. आई म्हणाली, पोरीचं ऐका. तर तिच्यावरच चिडले. ते फक्त तुझं ऐकतात. तू त्यांना दोन ओळी लिही की नियम वेगळा आहे, उपासनाला तिच्या मनासारखं लिहू दे. बाकी काही नको. यादी फेब्रुवारीच्या शेवटी बंद होते.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
उपासना

*

जर्सी सिटी
२ फेब्रुवारी २०२५

ति. ताईस,
प्रफुल्लचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र लिहायची सवय गेली, हात दुखतो. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाकडून अक्षराची अपेक्षा ठेवू नकोस. घरातलं चांगलं अक्षर तुझंच, आणि त्या अक्षराने काय केलं ते आपल्या दोघांना माहीत आहे. चिडू नकोस, गंमत केली.

उपासनाने तुला लिहिलंच असेल. इथे अर्ध्या तासावर जागा ताटात वाढून ठेवली आहे आणि आमच्या बाईसाहेबांना कॅलिफोर्निया हवं. मी तिला म्हटलं, डायरेक्टरने शब्द दिलाय, तो शब्द पायदळी तुडवू नकोस. ती मला चौकोन आणि बाण काढून दाखवते. मी तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला बाण समजतात. पण कम्प्युटरच्या मागे माणसंच बसलेली असतात. त्या डायरेक्टरला कळलं की हिने आपल्याला दुसरं लिहिलं, तर तो हिला वर ठेवील का? दरवर्षी काही मुलांना कुठेच जागा मिळत नाही. आठ वर्षं शिकून पोरगी घरी बसली तर मी कुणाकडे जाऊन हात जोडू?

मी तिला बळजबरी करणार नाही. तू सांगशील तसं करू. माझ्या वेळी तूच सांगितलं होतंस, हिच्या वेळीही तूच सांग.

तुझा धाकटा,
प्रफुल्ल

*

कॅरी
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्रफुल्ल यास,
अनेक आशीर्वाद, जय भीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तू गंमत केलीस हे कळलं.

मी मृणालिनीबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या की उपासना म्हणते तेच बरोबर. त्यांच्या अमेयनेही असाच क्रम लिहिला होता, नियम तोच, आणि हॉस्पिटलला आपली यादी दिसतसुद्धा नाही. कागदावर काढूनही दाखवलं. मला पटलं. पण घरी येऊन बसले तर पुन्हा तीच खिडकी डोळ्यांपुढे. मृणालिनीबाईंच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर. अमेयचं चुकलं असतं तर काकाने फोन केला असता, मामाने केला असता. आपल्या पोरीचं चुकलं तर फोन कुणी करायचा? त्यांना चुकणं परवडतं, आपल्याला नाही. त्या काय म्हणाल्या ते उपासनाला सांगायची गरज नाही, उगाच फाटे फुटतील.

पुन्हा माझ्या हातून जास्तीचं मागितलं जाऊन कुणाचं आयुष्य फिरायला नको. माझ्यात ती ताकद राहिली नाही. न्यूजर्सी पहिलं लिहायला सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

कळव मला. जीव टांगणीला आहे.

तुझी,
ताई

*

क्लीव्हलंड
२ मार्च २०२५

ति. आत्यास,
जय भीम.

यादी बंद झाली. आता बदलता येणार नाही.

बाबा सुट्टी काढून जर्सी सिटीहून आठ तास ड्राइव्ह करून आले. सोबत आईने दिलेला डाळकांद्याचा डबा. मी त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला. सनीव्हेल पहिलं, न्यूजर्सी दुसरं, खाली आणखी चार. त्यांनी खिशातून तुझ्या पत्राचं दुसरं पान काढून टेबलावर ठेवलं. पहिलं दाखवलं नाही. म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. आणि डबा न उघडता खिडकीपाशी जाऊन बसले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण त्या खिडकीवरच्या क्लार्कला अजून घाबरतो.

सगळं त्यांच्यावर ढकलत नाही. मीही घाबरले. तुला दोन ओळी मागितल्या होत्या, त्या उलट्याच आल्या. वाटलं, आत्या उगाच असं लिहिणार नाही, तिला काहीतरी कळलं असेल. मी न्यूजर्सी वर ओढलं आणि बटण दाबलं. मग बाबा जेवले.

आता जे होईल ते होईल. सध्या लिहिण्यासारखं काही नाही. राग आहे, तो उतरला की लिहीन.

उपासना

*

जर्सी सिटी
२२ मार्च २०२५

ति. ताईस,
लाख वेळा जय भीम!

मिळाली! न्यूजर्सी मिळालं! काल निकाल लागला. आपली उपासना डॉक्टर होऊन अर्ध्या तासावर येणार. आज विहारात खीर वाटली. सुमित्रा मावशी रडल्या आणि रडता रडता त्यांनी पुन्हा टाच दाखवली.

पोरगी जरा गप्प आहे, थकली असेल. तिच्या वर्गातल्या दोघांना कुठेच मिळालं नाही म्हणे. तू नसतीस तर आपलीही गत तीच झाली असती.

ताई, एक गोष्ट तोंडावर बोलता येत नाही म्हणून लिहितो. चाळीस वर्षं मी लग्नात, बारशात, चार माणसांत सांगत आलो की ताईने मला डॉक्टरचा कम्प्युटरवाला केला. सगळे हसायचे, तूही हसायचीस. ती गंमत नव्हती. मला राग होता आणि तो मी असा थोडा थोडा काढत होतो. काल तो गेला. खरंच गेला, मी शोधून बघितला. तू माझ्या पोरीचा फॉर्म बरोबर भरलास. यापुढे ती गोष्ट माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

आणखी एक. चौदा एप्रिलच्या जयंतीला मंडळात तू यायचंस. अकरावी-बारावीची बरीच पोरं असतात. तू त्यांच्याशी पाच मिनिटं बोल, पसंतीचा फॉर्म कसा भरायचा यावर. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आता तरी तुझ्या मनाला शांत वाटतं का, ते लिही.

तुझा,
प्रफुल्ल

*

क्लीव्हलंड
३० मार्च २०२५

ति. आत्यास,
जय भीम.

राग उतरला की लिहीन म्हटलं होतं. उतरलेला नाही, तरी लिहिते.

निकालानंतर चार दिवसांनी डॉ. हॅलोरन यांची ईमेल आली. त्यांच्याकडे तीन जागा होत्या आणि त्यांच्या यादीत मी दुसरी होते. मी त्यांना पहिलं लिहिलं असतं तर आज तिथे असते. त्यांनी फार सभ्यपणे विचारलंय की आमच्याकडून काय कमी पडलं ते सांगशील का, म्हणजे पुढच्या वर्षी सुधारता येईल. या प्रश्नाचं उत्तर मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं.

न्यूजर्सीच्या त्या डायरेक्टरनी अभिनंदनाचा फोन केला आणि सांगितलं की तुला आम्ही तसंही वरच ठेवलं होतं. म्हणजे दुसरं लिहिलं असतं तरी ती जागा माझीच होती. जुलैपासून तीन वर्षं मी नखं कापणार आणि भिंतीला टेकून ऑपरेशनं बघणार. तीन वर्षांनी कुणी सडलेला पाय घेऊन माझ्यापुढे आला तर तो दुसऱ्याकडे पाठवावा लागेल.

हे सगळं मी गिळलं असतं. तुला खरंच माहीत नव्हतं असं समजून माफही केलं असतं. पण परवा मृणालिनी काकूंनी फोन केला. अभिनंदन केलं, आणि मी न्यूजर्सी पहिलं लिहिल्याचं कळल्यावर म्हणाल्या, मी तुझ्या आत्याला फेब्रुवारीतच कागदावर काढून समजावलं होतं गं, मग तू असा क्रम का लिहिलास? तेव्हा मला त्या पत्राचं पहिलं पान आठवलं, जे बाबांनी दाखवलं नाही. बाबांचं मी समजू शकते. त्यांना कुणाचंच खरं वाटत नाही. तुला तर पटलं होतं.

बाबांना यातलं काहीही सांगायचं नाही. ते आजकाल ऑफिसला जाताना शीळ घालतात असं आई म्हणते. मी त्यांना असं कधी पाहिलेलं नाही आणि ते मला मोडायचं नाही. हे तुझं तू एकटीने सांभाळ. निदान एवढं तरी मी सांगते तसं कर.

उपासना

*

कॅरी
५ एप्रिल २०२५

चि. उपासना हिस,
आशीर्वाद. ते घ्यायचे की नाहीत, तू ठरव.

तुझं पत्र वाचलं. सगळं खरं आहे. मला माहीत होतं, पटलंही होतं, आणि तरी मी उलटं लिहिलं. तुझं चुकेल म्हणून नाही. चुकलं तर पुन्हा माझ्यामुळे चुकलं असं होईल, या भीतीने. तुझ्या यादीत मी माझीच सुटका पहिल्या नंबरवर लिहिली.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

बाबाला कळणार नाही.

आत्या

*

कॅरी
६ एप्रिल २०२५

चि. प्रफुल्ल यास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र मिळून दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, सर्दी होती. इकडे परागकणांचा पाऊस सुरू झालाय, गाड्या पिवळ्या झाल्यात.

विहारात खीर वाटलीस हे छान केलंस. जयंतीला येईन, विमानाचं तिकीट नकुलने काढून दिलंय, तो खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी. भाषणाचं मात्र काढून टाक. पोरांना फॉर्म कसा भरायचा ते उपासना सांगेल, तिला नियम माहीत आहे. मी मागच्या ओळीत बसून ऐकेन, यंत्र कानात घालून.

तू रागाबद्दल लिहिलंस. मला तो माहीत होता. प्रत्येक लग्नात मी त्या गोष्टीची वाट बघत असे, आणि तू सांगितलीस की घरी जाऊन एकदाचं झालं असं म्हणत असे. आता तो गेला म्हणतोस, तर जाऊ दे. शोधायला जाऊ नकोस.

उपासना गप्प असली तर तिला प्रश्न विचारू नकोस. ती जेवायला आली तर तिच्या आवडीचं करायला वहिनीला सांग.

शेवटी तू विचारलंस, मनाला शांत वाटतं का. हो, फार शांत वाटतं.

लोभ असू दे. कशासाठी, ते मला विचारू नकोस.

तुझी,
ताई